कणी धरली का

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरात खाली बसलो होतो. मधे काचेची बरणी, बरणीत नळाचं गढूळ पाणी. ती तुरटीचा खडा बोटांत धरून पाण्यात फिरवत होती आणि मी टॉर्च धरून बसलो होतो. दार लोटलेलं, खिडकीला पोतं लावलेलं. पावसाळाभर आमच्या घरी चार-सहा दिवसांनी हे चालायचंच. त्यात नवं काही नव्हतं. नवं नव्हतं म्हणूनच मी लक्ष दिलं नाही.

आमचं गाव धरणगावच्या अलीकडे, नदीला लागून. वरच्या भागात पाऊस झाला की नदी लाल होते आणि नळालाही लालच पाणी येतं. पुराला कोण काय करणार. पाणी पिंपात भरून ठेवायचं, तुरटी फिरवायची आणि दुसऱ्या दिवशी वरचं निवळलेलं काढून प्यायचं. हे गावात सगळेच करतात. आमच्या घरची पद्धत तेवढी वेगळी होती. पिंपात एकदम तुरटी घालायची नाही. आधी काचेच्या बरणीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात तुरटीचे किती फेरे लागतात ते बघायचं, मग त्यावरून पिंपाला किती ते ठरवायचं. तुरटी कमी पडली तर पाणी निवळत नाही, जास्त झाली तर तुरट लागतं आणि डाळ शिजत नाही. दर पुराचं पाणी वेगळं, त्यामुळे मागच्या वेळचा अंदाज या वेळी चालत नाही.

हे एका माणसाचं काम नाही. फिरवणाऱ्याला दोन्ही हात लागतात, एकात खडा, दुसऱ्यात पळी. म्हणून टॉर्च दुसऱ्यानं धरायचा. बरणीच्या एका बाजूनं उजेड आत सोडायचा आणि बघायचं मात्र आडव्या बाजूनं. गढूळ पाण्यात उजेडाचा एक पट्टा दिसतो, सरळ, दाट, दुधाची धार धरल्यासारखा. तो तसा अखंड दिसतोय तोवर काही झालेलं नाही. तुरटी लागू पडली की पट्टा जरा थरथरतो. मग फाटतो. त्यात ठिपके दिसायला लागतात, ठिपके मोठे होतात, आणि ठिपक्यांच्या मधलं पाणी काळं, म्हणजे स्वच्छ, दिसायला लागतं. तूप कढवून गार करताना कसं रवाळ होतं, तसं. ती त्याला कणी धरणं म्हणायची. कणी धरली की तुरटी थांबवायची आणि पळी हळू करायची. जोरात फिरवली तर धरलेली कणी मोडते आणि मग परत नीट धरत नाही.

दोन वर्षांपासून तिला तो पट्टा दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून ती फिरवायची आणि मला विचारायची.

त्या दिवशी माझं टाळकं फिरलेलं होतं. जळगावच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती आणि तिनं ती तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. कारण काय, तर मुलीकडे धुळ्याला कार्यक्रम आहे, तो होऊ द्या. मी म्हणालो, डोळे करत नाहीस आणि मला इथं टॉर्च धरून बसवतेस. ती म्हणाली, बसा की, तुम्हाला दुसरं कोणतं काम आहे. माझा गुडघा दुखत होता. चहा व्हायचा होता. तिचा तिसरा फेरा झाला, चौथा झाला. पळी फिरत होती.

"कणी धरी का?" तिनं विचारलं.

मी दाराकडे बघत होतो. दाराच्या फटीतून मांजर आत येत होतं, मी त्याला हुसकत होतो.

"धरी," मी म्हणालो.

ती जरा थांबली. बरणीकडे तोंड करून बसली, जसं काही दिसतंय.

"तुम्ही सांगं ना, मंग व्हई गयं," म्हणाली. हात पदराला पुसून उठली आणि त्याच अंदाजानं पिंपात तुरटी फिरवून आली.

बरणी कट्ट्यावर राहिली. मी चहा प्यायलो.

तुमच्या मनात येईल, एवढ्याशा गोष्टीचं काय. मलाही तसंच वाटलं असतं. पण माझी सगळी नोकरी याच कामात गेली. मी सातवी नापास. एका तालुक्याच्या गावी पाणी शुद्ध करायचा प्लांट होता, तिथे आधी गाळ उपसायला लागलो, मग हेल्पर झालो, मग प्रयोगशाळेत बरण्या धुवायला घेतलं. तिथे रोज सकाळी सहा बरण्या ओळीनं मांडायचे. सगळ्यांत नदीचं तेच पाणी आणि तुरटी मात्र कमी-जास्त. वरून पंखे फिरायचे, आधी जोरात, मग हळू. ज्या बरणीत कण चांगले धरून खाली बसतील, तेवढी तुरटी त्या दिवशी सगळ्या गावाच्या पाण्यात. प्लांटवर त्या कणांच्या गोळ्याला फ्लॉक म्हणायचे.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी घरी येऊन ऐटीत सांगितलं की आम्ही असं असं बघतो. ती हसली. ती पिंपळनेरकडची. तिच्या माहेरी माठाच्या आतून निवळीचं बी उगाळायचे आणि मग नदीचं पाणी ओतायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात कौलाच्या फटीतून सकाळी एक कवडसा पडायचा. तिची आई माठ सरकवून त्या कवडशाखाली आणायची आणि पोरींना विचारायची, आत काय दिसतंय. धूर दिसतोय म्हटलं की अजून ढवळ. दाणे दिसतात म्हटलं की पुरे. शाळेचं तोंड न बघितलेली बाई आणि लहान लहान पोरी. आमचे साहेब मात्र बरणीकडे वरून बघत उभे राहायचे आणि ओळखू यायला त्यांना अर्धा तास लागायचा.

पुढे एका पावसाळ्यात लाइट गेली असताना मी वॉचमनचा टॉर्च आणला आणि बरण्यांना बाजूनं लावला. साहेबांना कण कधी धरायला लागले ते लगेच दिसलं. कोणी शिकवलं म्हणाले. मी म्हणालो, असंच सुचलं. माझं कौतुक झालं. घरी येऊन मी तिला खरं काय ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मन्हं नाव तठे कोनले ठाऊक शे," एवढंच म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली. मी मात्र प्लांटवर कधीच दुरुस्ती केली नाही. पोरंसोरंसुद्धा म्हणायची, आबांची टॉर्चची युक्ती.

निवृत्त व्हायच्या आधी तिथे मशीन आलं. पाणी काचेच्या नळीतून जातं, एका बाजूनं उजेड सोडलेला, आणि तो उजेड किती कसा येतो ते आडव्या बाजूनं मशीन बघतं. नव्या इंजिनिअर मुलीनं मला नीट समजावून सांगितलं. म्हणाली, पाणी स्वच्छ असलं तर उजेड सरळ निघून जातो, बाजूनं काहीच दिसत नाही. गाळाचा प्रत्येक कण मात्र थोडा उजेड इकडेतिकडे फेकतो. हे कण इतके बारीक असतात की महिनाभर ठेवले तरी खाली बसत नाहीत, कारण ते एकमेकांना दूर ढकलत असतात. तुरटी पडली की ढकलणं थांबतं आणि चिकटणं सुरू होतं. सुटे होते तोवर उजेडाचा आकडा एका जागी असतो, चिकटायला लागले की आकडा थरथरतो. मशीन तो थरथराट मोजतं.

मी म्हणालो, ताई, हे माझ्या बायकोला लहानपणापासून येतं. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तरी मी एकदा तोंडानं बोललो, एवढं खरं.

तर सांगायचं हे, की नोकरीत मी हजार खोटं बोललो असेन. उशिरा आलो आणि गाडी बंद पडली म्हणालो. आजारी नसताना आजारी पडलो. पण बरणीकडे न बघता वहीत 'धरली' असं कधी लिहिलं नाही. ते मी घरी केलं. आणि जिला दिसत नव्हतं तिच्याशी केलं.

डोळ्याच्या डॉक्टरनं सुद्धा ही कणांचीच गोष्ट सांगितली होती. म्हणाला, आबा, डोळ्याचं भिंग काचेसारखं स्वच्छ असतं. वय झालं की त्यातले बारीक कण एकमेकांना चिकटायला लागतात, मग उजेड आत सरळ जात नाही, विखरतो. म्हणून त्यांना दिव्याभोवती धुकं दिसतं. मला पटकन समजलं, कारण जन्मभर तेच बघितलं. मी तिला म्हणालो, तुझ्या डोळ्यात कणी धरली. ती डॉक्टरसमोरच म्हणाली, "मंग मन्हा डोयामा बी तुरटी फिरावा. बठी जाई खाले." डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागे झुकला. तिला आपण काही विनोद केला असं वाटलं नव्हतं. किंवा वाटलंही असेल. कळायचं नाही तिचं.

त्या दिवशी जेवणं झाली. वरण, भाकरी, भरताचा थोडा उरलेला गोळा. ती म्हणाली जरा पाठ टेकते. दोन-अडीचच्या सुमारास मी चहाला हाक मारली. नंतर पुन्हा मारली. मला वाटलं रुसली आहे. जाऊन बघितलं तर हात गार झाला होता. गावच्या डॉक्टरनं येऊन सांगितलं, झोपेतच गेल्या, हृदय थांबलं, त्रास झाला नाही. त्रास झाला नाही हे लोक आपल्याला सांगतात. कोणाला माहीत.

मुलगी धुळ्याहून येईपर्यंत थांबायचं ठरलं. ती पाच वाजता आली. अंगणात तिरडी बांधायला घेतली आणि आत बायकांनी भांडी बाहेर काढायला सुरुवात केली. आमच्याकडे घरात माणूस गेलं की घरातलं सगळं पाणी ओतून टाकतात. माठ, हंडे, तांबे, पिंप, काही ठेवत नाहीत. पाच-सहा बायका एकामागे एक भांडं आणून मागच्या दारी रिकामं करत होत्या. पिंप दोघींनी मिळून कलतं केलं. मी बघत होतो. तिनं सकाळी तुरटी फिरवलेलं पाणी चिखलातून वाहून चाललं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. रीत आहे, चालू दे.

मग माझी थोरली भावजय बरणी घेऊन बाहेर आली.

मला तेव्हा आठवलं. सकाळपासून पहिल्यांदाच आठवलं, की तिनं विचारलं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

आता विचार केला तर वेडेपणा वाटतो. पण उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मी तिला खरं सांगितलं की खोटं, हे फक्त त्या बरणीला माहीत आहे. कणी धरली असेल तर सकाळपर्यंत वरचं पाणी निवळेल, बुडाशी गाळ बसेल. धरली नसेल तर तसंच गढूळ राहील, उद्या आणि परवाही. माझा अंदाज बरोबर आला असेल तर न बघता का होईना, मी खरं बोललो असं होईल. ती बरणी ओतली की ते कायमचं गेलं.

मी भावजयीच्या हातातून बरणी घेतली.

"भाऊ, रीत शे," ती म्हणाली. "बठ्ठं पाणी टाकनं पडस."

"बठ्ठं टाका," मी म्हणालो. "हाई बरणी नही."

 भावजय माझ्याहून मोठी, लग्न होऊन आली तेव्हा मी चड्डीत होतो, तिला मी कधी उलट बोललो नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाली, त्यांना सोडा आता. मी बरणी धक्का न लावता आत नेली, लोखंडी कपाटात खालच्या खणात ठेवली, तिच्या लुगड्यांच्या शेजारी. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली आणि तशीच खोचून स्मशानात गेलो.

नंतर मुलीनं सांगितलं की लोक बोलले. म्हातारीचं सोनं होतं म्हणे, म्हाताऱ्यानं आधी कुलूप घातलं. बोलू देत. तिचं सोनं म्हणजे कानातलं आणि एक पोत, आणि ती दोन्ही मुलीनं आधीच उतरवून पिशवीत ठेवली होती.

सकाळी उजाडल्यावर उठलो. चूल पेटायची नव्हती. शेजारून चहा यायचा होता. मुलगी बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या डुलकी घेत होती, तिला उठवलं नाही. कपाट उघडलं, बरणी काढली, दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात नेली आणि कालच्याच जागी ठेवली. दार लोटलं. खिडकीचं पोतं काल कोणीतरी काढलं होतं, ते परत लावलं.

आता टॉर्च कोणी धरायचा, हा प्रश्न तेव्हा लक्षात आला. मी शेवटी टॉर्च पोळपाटावर आडवा ठेवला आणि घरंगळू नये म्हणून एका बाजूला तिचं लाटणं आणि दुसऱ्या बाजूला वाटी लावली. जन्मभर तिची तक्रार होती की माझा हात हलतो, पट्टा नीट दिसत नाही. आता टॉर्च अजिबात हलत नव्हता.

उजेड लावला आणि बाजूनं वाकून बघितलं.

पट्टा सरळ होता. बरणीच्या या काचेपासून त्या काचेपर्यंत दाट आणि अखंड. एक ठिपका नाही. बुडाशी नखाएवढा थर, तो जड वाळूचा, तुरटीशिवायही बसतोच. वर सगळं कालसारखं लाल. या पुराचं पाणी जास्त गढूळ होतं, चार फेऱ्यांत भागणार नव्हतं, आणि मी बघितलं असतं तर मला एका नजरेत कळलं असतं. ती मग पाचवा फेरा घालणार होती. ती घालायचीच. मी घालू दिला नाही.

कणी धरली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं.

 रडलो वगैरे नाही. गुडघा दुखत होता तो दुखतच होता.

मग कोनाड्यातून तुरटीचा खडा काढला. तिच्या बोटांनी झिजून त्याला मधे खळगा पडला आहे, माझं बोट त्यात बसत नाही. एक फेरा घातला. पळी हळू फिरवली, ती फिरवायची त्या बेतानं, कड न वाजवता. बघितलं. काही नाही. अजून एक फेरा घातला. पळी चालू ठेवली. हात भरून आला. म्हातारपणी हे किती वेळ चालवायचं असतं ते मला कधी कळलं नव्हतं, कारण मी नेहमी टॉर्च धरला.

बऱ्याच वेळानं पट्टा थरथरला. मला वाटलं माझेच डोळे. पळी काढून घेतली आणि जवळ वाकलो. पट्ट्याची कड उसवायला लागली होती. मग मधे एक ठिपका, मग चार, मग मोजता येईनात. रव्याएवढे झाले. संथ फिरत होते, एकमेकांना लागत होते आणि मोठे होऊन खाली उतरत होते. मधलं पाणी काळं पडत चाललं.

"धरी," मी म्हणालो.

मुलगी दारात उभी होती, कधी उठली कोण जाणे. आबा, कोणाशी बोलताय, तिनं विचारलं. मी म्हणालो, कोणाशी नाही, ते लाटणं-पोळपाट उचलून ठेव. तिनं उचललं. टॉर्च बंद केला आणि माझ्या हातात दिला.

सगळं खाली बसेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. शेजारचा चहा आला आणि गार झाला. वरचं पाणी स्वच्छ झालं तेव्हा बरणी उचलून मागच्या दारी नेली. काल बायकांनी पिंप ओतलं होतं तिथे चिखल अजून ओला होता. त्याच जागी ओतली. आधी स्वच्छ पाणी गेलं, शेवटी गाळ. बरणी राखेनं घासली, विसळायला घरात पाणी नव्हतं म्हणून शेजारच्या नळावर गेलो, विसळली, आणि कट्ट्यावर पालथी घातली.